गव्हाचे रोप ऊन आणि पाण्याचा ताण कसे सोसते?

दुपारी पाने वळून मलूल झालेला गहू संध्याकाळी पुन्हा टवटवीत दिसतो, म्हणजे त्याने ताण पेलला असणार. मग मळणीत दाणा बारीक का निघतो, असे तुम्ही विचारले आहे. मी नागपुरात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि उमरेडकडच्या आमच्या वावरात दरवर्षी थोडा गहू असतो, त्यामुळे हा प्रश्न मला वर्गात आणि धुऱ्यावर, दोन्हीकडे पडलेला आहे.

खरी अडचण अशी की उष्णता आणि पाण्याची टंचाई रोपाकडून एकाच वेळी परस्परविरुद्ध गोष्टी मागतात. जमीन कोरडी पडू लागली की रोपात ॲब्सिसिक आम्ल या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, त्याच्या संकेताने पानांवरची सूक्ष्म पर्णरंध्रे मिटतात आणि पाणी वाचते. परंतु याच रंध्रांतून बाष्प बाहेर पडत असल्यामुळे पान थंड राहत असते, जसे झिरपणाऱ्या माठातले पाणी आपल्याकडच्या मे महिन्यातही गार राहते. फेब्रुवारीच्या अखेरीस दुपारी दोनच्या सुमारास ओलीत झालेल्या वाफ्यातले पान बोटांत धरून पाहा, ते गार लागेल. पाणी न पोहोचलेल्या धुऱ्यालगतच्या पट्ट्यातले पान मात्र सुतळीसारखे वळलेले आणि कोमट लागते. त्या पानाने पाणी राखले आहे, पण त्याची किंमत म्हणून ते तापले आहे.

पानाचे वळणे हाही बचावच आहे. पानाच्या वरच्या बाजूच्या मोठ्या, फुगीर पेशींतले पाणी कमी झाले की त्या आकसतात, पान आत वळते आणि उन्हासमोर कमी पृष्ठभाग उरतो. रात्री मुळे पाणी ओढून ही तूट भरून काढतात. मात्र रंध्रे मिटलेली असताना कर्बवायू आत गेलेला नसतो, आणि तापलेल्या पानात रुबिस्को हे विकर कर्बवायूऐवजी अधिकाधिक प्राणवायू पकडू लागल्याने आधी कमावलेला कर्बही काही प्रमाणात वाया जातो. संध्याकाळच्या टवटवीतून पाण्याचा हिशेब जुळल्याचे कळते, अन्नाची तूट तशीच राहते.

पेशींच्या आत उष्णता-आघात प्रथिने इतर प्रथिनांची घडी विस्कटू देत नाहीत, तर साठलेले प्रोलिन हे अमिनो आम्ल पाणी धरून ठेवायला मदत करते. मला सर्वांत विलक्षण वाटते ती कांड्याची शिदोरी: फुलोऱ्याच्या आसपास कांड्यात फ्रुक्टन या रूपात साखर साठवलेली असते आणि पाने थकली की ती ओंबीकडे रवाना होते. ओंबीची हिरवी कुसळेही तेव्हा अन्न तयार करत असतात.

तरीही दाणा बारीक राहतो, कारण दाण्यात पिष्ट तयार करणारे विकर उष्णतेला फार नाजूक असते आणि तापमान 30 अंशांच्या वर जाऊ लागले की दाणे भरण्याचा काळच आखडतो. रोप घाईने पिकते. त्याच्या दृष्टीने हे शहाणपणच आहे, कारण बारीक दाणाही पुढच्या हंगामात उगवू शकतो. तोटा आपला होतो. 2022 चा मार्च हा 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला, तेव्हा उत्तरेकडचा गहू असाच आखडला आणि 13 मे रोजी निर्यातीवर बंदी आली. पोटरीत, म्हणजे ओंबी अजून पानाच्या आवरणात असताना, परागकण तयार होत असतानाच उष्णतेची लाट आली, तर ते वांझ राहून ओंबीतल्या दाण्यांची संख्याच घटते, आणि हे नुकसान नंतरच्या पाण्याने भरून येत नाही.

म्हणून विदर्भात पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकणे मी सर्वांत महत्त्वाचे मानतो, आणि उशीर झालाच तर एकेएडब्ल्यू 4627 सारखा उशिरा पेरणीचा वाण घ्यावा. मुकुटमुळे फुटतानाचे, म्हणजे 18 ते 21 दिवसांचे पाणी चुकवू नका. दाणा चिकात असताना एक हलके पाणी वारा पडल्यावर संध्याकाळी द्या, कारण ओल्या जमिनीत वारा आला तर ओंब्यांच्या भाराने गहू लोळतो.