27 पैकी 16, आणि सुट्टीची दुपार

'आईला डिप्रेशन लिहून दिलंय. आता हा शिक्का कायमचाच का, मॅडम? गोळ्या जन्मभर?' मुलगा विचारत होता, आई गप्प. त्या एसटीत वाहक. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) नैराश्य (डिप्रेशन) किती आहे ते मोजणाऱ्या पीएचक्यू-9 प्रश्नावलीत 27 पैकी 16 गुण, म्हणजे त्रास बऱ्यापैकी तीव्र.

या प्रश्नावलीला मी नावं ठेवणार नाही. मागच्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, उत्साह ती पटकन टिपते. जीव नकोसा होतो का, हेही विचारते. तो प्रश्न मी ताईंना पुन्हा समोरासमोर विचारला. 'नाही' म्हणाल्या. पण झोप कशापायी उडाली, ते गुणांत दिसत नाही.

एखादी वस्तू किंवा सेवा घडवण्याआधी डिझायनर ती वापरणाऱ्याचा दिवस कागदावर मांडतात. त्याला 'जर्नी मॅप' म्हणतात. मीही तसंच करते, फक्त पेन समोरच्याच्या हातात देते. सोमवार, मंगळवार असे वारांचे रकाने ताईंच्या उपयोगाचे नव्हते. त्यांनी रकाने आखले ते ड्युटीप्रमाणे: मुक्कामी गाडी, सकाळची फेरी, साप्ताहिक सुट्टी. जिथे जड वाटतं तिथे काळा ठिपका द्यायचा.

मुक्कामाच्या रकान्यात ठिपके होतेच. परक्या गावात आडवं व्हायचं, कॅशची बॅग उशाला, पहाटे पहिली फेरी. झोप लागणार कशी? पण सगळ्यात जास्त ठिपके पडले सुट्टीच्या दुपारी. 'ड्युटीवर माणसं तरी असतात. घरी ताट कोणासाठी वाढू?' नवरा जाऊन वर्ष होत आलेलं, मुलगा नोकरीला पुण्यात. हे त्यानंही पहिल्यांदाच ऐकलं.

तो कागद घेऊन ते मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. निदान तेच राहिलं, उपचार बदलले. गुंगी आणणाऱ्या गोळीची वेळ ड्युटी बघून ठरली, काही दिवस मुक्काम नको म्हणून डेपोत अर्ज गेला आणि आमच्या समुपदेशनाच्या बैठकांत नवऱ्याचा विषय निघू लागला. असा कागद डॉक्टरांपुढे ठेवायला आणि प्रश्न विचारायला बिचकू नका. आपल्या आजाराची आणि उपचारांची माहिती मिळणं हा 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दिलेला हक्क आहे.

राहिला गोळ्यांचा प्रश्न. नैराश्य पहिल्यांदाच आलं असेल तर बरं वाटू लागल्यावरही साधारण 6 महिने गोळ्या चालू ठेवतात, मग डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात. आपल्या मनानं मध्येच बंद करायच्या नाहीत, एवढं मात्र मी मुलाला दोनदा बजावलं.