मिशन-व्हिजन लिहिताय? आधी एवढंच बघा

ताई, केळी उत्पादक कंपनीचं मिशन-व्हिजन लिहायला बसलात ते बरंच झालं. पण आधी दोन्हींमधली गल्लत थांबवा. मिशन म्हणजे आज आपण कोणासाठी, काय आणि कसं करतो. व्हिजन म्हणजे ते नेटानं केलं तर दहा वर्षांनी इथं काय बदललेलं दिसेल.

मिशन आधी लिहा, २० शब्दांच्या आत: "रावेर-यावलच्या लहान शेतकऱ्यांची केळी एकत्र करून, प्रतवारी व पॅकिंग करून आम्ही थेट खरेदीदाराला विकतो." मग व्हिजन: "इथल्या एकाही शेतकऱ्याला कापणीच्या दिवशी मिळेल त्या भावात केळी द्यावी लागणार नाही."

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- "सर्वांगीण विकास", "सक्षमीकरण" असे गुळगुळीत शब्द. कंपनीचं नाव झाकून वाक्य वाचा. धुळ्याच्या पतपेढीलाही ते चालत असेल, तर ते तुमचं नाही.
- प्रत्येक संचालकाचा एकेक शब्द कोंबणं. भरतात सगळा मसाला ओतला की वांग्याची चव जाते. चर्चा सगळ्यांनी करा, लिहू द्या एकालाच.
- नोंदणीच्या कागदांतली उद्दिष्टं उतरवणं. ती मुद्दाम ऐसपैस लिहिलेली असतात, पुढे कुठलाही धंदा करताना कायद्याची अडचण नको म्हणून.

मसुदा चार सभासदांना एकदाच वाचून दाखवा, मग न बघता सांगायला लावा. जिथे अडखळतील तो शब्द बदला. मूल्यं, घोषवाक्य, पंचवार्षिक आराखडा सध्या राहू द्या.