गाडी विकली, पण नाव कोणाचं?

या महिन्याची पत्रं वाचायला घेतली तर इंजिनाबद्दल कमी आणि कागदाबद्दलच जास्त प्रश्न निघाले. आपल्या नागपुरात गाडीची सर्व्हिसिंग लोक वेळेवर करतात, दसऱ्याला हार घालून पूजाही करतात, पण आरसी कुठल्या ड्रॉवरमध्ये पडली आहे हे विचारलं की घरभर शोधाशोध. म्हणून या वेळी कागदाची पत्रं आधी घेतो.

प्रश्न : भाऊ, तीन वर्षं झाली असतील, माझी जुनी अ‍ॅक्टिव्हा एका ओळखीच्या माणसाला विकली. पैसे रोख मिळाले. त्यानं आणलेल्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर मी सह्या करून दिल्या, बाकी फॉर्म कोराच होता. आता माझ्या मोबाईलवर चालान येऊन राहिले, एक विदाऊट हेल्मेटचं, एक ट्रिपल सीटचं. त्याला फोन केला तर म्हणे मी तर कवाचीच पुढं विकली. मी काहून भरू हे पैसे?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : तुमचं म्हणणं पटते, पण खरं सांगू का, चालान हा तुमच्या डोक्यावरचा सगळ्यात लहान ताप आहे. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी रजिस्टर आहे तो. पैसे घेतले, चावी दिली, पेढे खाल्ले, याला कायदा काही विचारत नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर अशीच केस होती, गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी फिरत गेली, आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच, आणि अपघात झाला तेव्हा नुकसानभरपाईची जबाबदारी त्या रजिस्टर्ड मालकावरच आली. त्या ट्रिपल सीटवाल्या पोट्ट्यांनी उद्या कोणाला ठोकलं आणि इन्शुरन्स संपलेला असला तर नोटीस मानेवाड्याला येणार, हे लक्षात घ्या.

नियम असा आहे की राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं, तो फॉर्म २९. घेणाऱ्यानं ३० दिवसांत आपल्या नावाचा अर्ज करायचा, तो फॉर्म ३०. तुम्ही दोन्हींवर सह्या केल्या पण दोन्ही त्याच्याच हातात दिले, आणि तो तर गाडी फिरवून पैसे कमावणारा, त्याला नावावर करायची घाई कशाला असणार.

आता करायचं काय. आधी परिवहनच्या साईटवर नंबर टाकून बघा की आरसीवर आज कोणाचं नाव आहे, इन्शुरन्स कधीपर्यंत आहे, चालान किती बाकी आहेत. मग त्या ओळखीच्या माणसाला फोन करत बसू नका, घरी जा, आणि त्यानं ज्याला विकली त्याचा नंबर घ्या. आज गाडी ज्याच्याकडे आहे त्यालाही ट्रान्सफर पाहिजेच असते, कारण त्यालाही ती कधीतरी विकायची आहे, म्हणून तो सहसा तयार होतो. बाकी चालान भरल्याशिवाय ट्रान्सफर होत नाही, ते पैसे कोणी द्यायचे हे तुमच्या तुमच्यात ठरवा, पण पाचशे-हजारासाठी ट्रान्सफर अडवून ठेवू नका म्हणजे झालं.

माणूस सापडतच नसला तर आरटीओत लेखी अर्ज द्या की अमुक तारखेला गाडी अमुक व्यक्तीला विकली, ताबा माझ्याकडे नाही, आणि पोचपावतीचा शिक्का घ्या. तसाच एक अर्ज पोलीस स्टेशनला. अर्ज देताना ऑफिस नीट बघा, एमएच ३१ म्हणजे शहर, ४९ म्हणजे पूर्व नागपूर आणि ४० ग्रामीण, नाहीतर एका काउंटरवरून दुसऱ्या टोकाला जाण्यात अख्खा दिवस जाते. या अर्जानं तुम्ही एकदम मोकळे झाले असं नाही, पण उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर दाखवायला हातात काहीतरी राहते.

आणि पुढच्या वेळी कोऱ्या फॉर्मवर सही नाही म्हणजे नाही. घेणाऱ्याच्या आधारची कॉपी, डिलिव्हरीच्या कागदावर तारीख आणि वेळ दोन्ही, किलोमीटरचा आकडा, दोघांच्या सह्या. वेळ कशाला म्हणाल, तर सकाळी अकराला गाडी दिली आणि दुपारी दोनला त्यानं कोणाला उडवलं असं होऊ शकते.

प्रश्न : २०११ ची स्कूटर विकायची आहे. गिऱ्हाईक म्हणते नवीन नंबर प्लेट लावून द्या. विकायचीच आहे तर मी कशाला खर्च करू?
– एक वाचक, गोधनी

उत्तर : करा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही आता हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते, तिच्या तारखा कितीदा वाढल्या ते सोडून द्या, पण प्लेट नसली तर आरटीओत ट्रान्सफरचं काम अडते. दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी, एवढाच रेट आहे. बुकिंग परिवहन विभागाच्या साईटवरूनच करा, गुगलवर वरच दिसणारी प्रत्येक साईट खरी नसते. आणि चौकातल्या दुकानातून तशीच दिसणारी प्लेट बनवून लावण्यात अर्थ नाही, खऱ्या प्लेटचा लेझर नंबर सिस्टीममध्ये गाडीशी जोडलेला असते.

प्रश्न : जुनी कार शोरूमला एक्सचेंजमध्ये देऊन नवीन घेतो आहे. सेल्समन म्हणाला काका तुम्ही फक्त सह्या करा, बाकी सगळं आम्ही बघतो. काही राहून तर जाणार नाही ना?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : "बाकी आम्ही बघतो" हे वाक्य ऐकलं की आपण चष्मा लावून बसायचं. जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी २०२३ पासून नवीन नियम आले आहेत, ऑथराईज्ड डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी ऑनलाईन भरला जाते आणि तेव्हापासून गाडीची जबाबदारी त्याच्यावर जाते. तेव्हा तुमचा डीलर ऑथराईज्ड आहे का हे आधी विचारा, आणि असला तर २९सी ची पावती मागा. नसला तर वरचं मानेवाड्याचं पत्र पुन्हा वाचा.

दुसरं म्हणजे नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट. इन्शुरन्स गाडीबरोबर जाते पण हा बोनस गाडीचा नाही, तुमचा आहे. पहिल्या वर्षी क्लेम नसला तर २० टक्के, असं वाढत वाढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जाते, आणि नवीन गाडीच्या ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर तो वापरता येते. जुन्या कंपनीकडून त्याचं लेटर घ्या, ते तीन वर्षं चालते. नवीन गाडीचा ओन डॅमेज प्रीमियम मोठा असते, त्याच्या निम्मे म्हणजे रक्कम बरीच होते, आणि सेल्समन हे आपणहून सांगेलच असं नाही. फास्टॅग बँकेला सांगून बंद करा, काच खरवडून काढला म्हणजे बंद झाला असं नसते. लोन कधी होतं का? तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरून बँकेचं नाव काढलं आहे का तेही बघा, हप्ते संपले तरी ते नाव आपोआप जात नाही.

प्रश्न : पहिली फोरव्हीलर घेतो आहे, सेकंडहँड. बजेट तीन-साडेतीन लाख. एक गाडी एकदम चकाचक आहे, किलोमीटर कमी, आणि भावही बाजारापेक्षा कमी सांगून राहिला. घेऊ का?
– एक वाचक, वाडी

उत्तर : भाव कमी काहून आहे हे कळल्याशिवाय नाही. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा, रात्रभर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदीला पूर, आणि अंबाझरी लेआउटपासून खालच्या वस्त्यांमध्ये पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली. त्या सगळ्या गाड्या काही भंगारात गेल्या नाहीत. धुऊन पुसून, सीट कव्हर बदलून काही बाजारात आल्या, आणि पाण्यात बुडालेल्या गाडीचं वायरिंग लगेच मरत नाही, वर्ष-दोन वर्षांनी एकेक कनेक्टर हिरवा पडतो आणि मग आज एअरबॅगचा लाईट, उद्या पॉवर विंडो, परवा भर चौकात गाडी बंद.

ओळखायचं कसं, तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, एरवी आत गुंडाळून राहणारा शेवटचा भाग गाडी धुणारा बहुतेक विसरते, तिथं मातीची रेघ दिसते. मॅटच्या खालचा कार्पेट उचला, डिक्कीत स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला, सीट जिथं फ्लोअरला बोल्टनं बसवल्या आहेत तिथला गंज बघा. हेडलाईटच्या आत वाफेचे डाग. आणि जुन्या गाडीत एकदम कडक परफ्यूमचा वास असला तर मला तरी लगेच शंका येते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर नंबर देऊन सर्व्हिस हिस्ट्री काढा, तिथंच किलोमीटरचा खेळही उघडा पडते, दोन वर्षांपूर्वी ६८ हजारावर सर्व्हिस झालेली गाडी आज ४५ हजार दाखवत असली तर नमस्कार करून निघायचं. गाडी सकाळी इंजिन थंड असताना बघायला जा, मालकानं आधीच चालू करून ठेवली असली तर का ठेवली ते विचारा.

जाता जाता, तुमची स्वतःची गाडी कधी पाण्यात बुडाली तर स्टार्ट मारून बघू नका. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकते, आणि मग साध्या पॉलिसीत इन्शुरन्सवाले म्हणतात हे नुकसान पुरानं नाही, स्टार्ट मारल्यानं झालं. टो करून न्या.

प्रश्न : मे महिन्यात समृद्धीनं शिर्डीला जायचं आहे. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवू का, गरमीनं वाढते म्हणून? आणि टाकी फुल्ल केली तर स्फोट होतो असा मेसेज आला आहे.
– एक वाचक, हिंगणा

उत्तर : तो मेसेज दर उन्हाळ्यात येतो, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, आला की हाही आला. पेट्रोल स्वतःहून पेटायला दोनशे डिग्रीच्या वर तापमान लागते, आपले पंचेचाळीस-सेहेचाळीस त्याला काहीच नाहीत. फक्त नोझल ऑटो कट झालं की थांबा, त्यानंतर राऊंड फिगरसाठी थेंब थेंब भरून घेऊ नका.

हवा कमी करण्याची चूक मात्र अजिबात नको. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, बाजूची भिंत वाकून वाकून तापते आणि तिथूनच फुटते. ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असते, त्यावरचं प्रेशर, टायर थंड असताना, माणसं आणि सामान भरून जाणार असाल तर फुल लोडचा आकडा. नायट्रोजन भरा किंवा साधी हवा, आकडा बरोबर पाहिजे. टायर किती जुना ते त्यावरच लिहिलेलं असते, डीओटी कोडमधले शेवटचे चार अंक, २३१९ असलं तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसते म्हणून इतका जुना टायर नागपूरच्या उन्हात तापलेल्या सिमेंटवर ताशी १२० नं पळवायचा नाही. शिर्डीपर्यंत ५२० किलोमीटर आहे, सरळ रस्ता आहे, झोप येते. पहाटे निघा, मध्ये थांबा.

प्रश्न : बाबांची चेतक आहे, ते दोन वर्षांपूर्वी गेले. आरसीची पंधरा वर्षं कधीच संपली. विकायची नाही, अधूनमधून महालातून इतवारीपर्यंत चालवतो. कागदं केले नाही तर चालेल का?
– एक वाचक, महाल

उत्तर : नाही चालणार. मालक गेल्यावर वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ नं नाव बदलून घ्यायचं असते. तुमचा उशीर झाला आहे, दंड लागेल, पण काम होते. मृत्यू प्रमाणपत्र, आईची आणि बहीण-भावांची संमती, प्रतिज्ञापत्र, हे तयार ठेवा. रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल फॉर्म २५ नं, त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागते. एवढ्या जुन्या गाडीची पीयूसी सहाच महिने चालते, वर्षभराची नाही.

दंडापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर असते, ते रजिस्टर्ड मालकालाच मिळते. गाडी बाबांच्या नावावर आणि हँडल तुमच्या हातात, म्हणजे तुम्हाला काही झालं तर घरच्यांच्या हातात काहीच नाही. आणि गाडी महिना-महिना उभी राहत असली तर पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करत जा, आताचं इथेनॉलचं पेट्रोल ओल धरते आणि त्यानं जुने रबराचे पार्ट फुगतात.

प्रश्न : स्कूटरचं ऑइल वेळेवर बदलतो, तरी मागच्या चाकातून घरघर आवाज येते.
– एक वाचक, सक्करदरा

उत्तर : इंजिन ऑइल बदलता, गिअर ऑइल कोण बदलणार? स्कूटरच्या मागच्या चाकाजवळ वेगळं गिअर ऑइल असते, जेमतेम सव्वाशे मिलीच्या आसपास, आणि रोडवरच्या सर्व्हिसिंगमध्ये ते हमखास राहून जाते. आधी ते बदलून बघा. तरी आवाज राहिला तर चाकाचं बेअरिंग आणि बेल्ट दोन्ही उघडून दाखवायला सांगा, बेल्टला भेगा असल्या तर किलोमीटर मोजत बसू नका, लगेच बदला.