मास्ट सेलचा (ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींचा) त्रास असेल तर गोळ्या रोज घ्यायच्या की फ्लेअर आल्यावरच, म्हणजे त्रास अचानक उसळल्यावरच?

रोज. मी पण पहिलं वर्ष हीच चूक केली, चार दिवस बरं गेले की गोळ्या बंद, आणि मग अंगभर गांध्या, तोंड लालबुंद, पोटात मुरडा, की धावाधाव. घरी सगळे म्हणायचे पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव. लावलं की गार वाटायचं, बाकी काही नाही. शेजारच्या काकू वर ॲसिडिटीचं पथ्य सांगून जायच्या, आपल्याकडे दोन्हीला पित्तच म्हणतात ना.

एसटीत रुमाल टाकून जागा धरतात बघा, तसं आहे हे. सेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन या ॲलर्जीच्या गोळ्या हिस्टामिनच्या, म्हणजे हा त्रास घडवणाऱ्या रसायनाच्या सीटवर आधीच रुमाल टाकून ठेवतात, ते एकदा येऊन बसलं की उठवणं अवघड. पोटासाठी फॅमोटिडिन, ती वेगळ्या सीटा धरते. मला मॉन्टेलुकास्ट (ॲलर्जी-दम्याची आणखी एक गोळी) पण दिलं होतं पण इतकी घाण स्वप्नं पडायला लागली आणि चिडचिड वाढली की डॉक्टरांनी बंद केलं, तुम्हाला चालू असेल तर याकडे लक्ष ठेवा. डोस मनाने वाढवू नका, आणि डॉक्टरांनी वाढवला तरी एका वेळी एकच बदल करायला सांगा, नाहीतर कशाने फरक पडला तेच कळत नाही.

माझा सगळ्यात वाईट फ्लेअर खाण्यातून आलाच नाही. कंबर धरली होती, दवाखान्यात डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या औषधाचं इंजेक्शन घेतलं आणि 20 मिनिटांत चक्कर येऊन खाली. मला ते चालत नाही, पॅरासिटामॉल चालतं, म्हणून आता कुठेही गेले की सुई टोचायच्या आधी हे सांगते, मोबाईलच्या लॉक स्क्रीनवर पण लिहून ठेवलंय. बाकी मे महिन्यातलं ऊन, कढत पाण्याची अंघोळ, जागरण हे आहेच.

श्वास लागला, घसा आवळला किंवा चक्कर आली तर मात्र गोळीची वाट बघायची नाही, तिथे ॲड्रेनालिनच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. मला आधीच भरलेलं इंजेक्शनचं तयार पेन मिळालं नाही म्हणून डॉक्टरांनी ॲम्प्युल (औषधाची छोटी काचेची कुपी) आणि सिरिंज लिहून दिली, नवऱ्याने भरायची प्रॅक्टिस केलीये. टोचलं की पाय वर करून आडवं व्हायचं, उठून चालायचं नाही, आणि बरं वाटलं तरी हॉस्पिटलला जायचंच.

तिथे ट्रिप्टेजसाठी (मास्ट सेलमधून रक्तात येणारा पदार्थ) रक्त द्या, त्रास सुरू झाल्यापासून 4 तासांच्या आत. तुमच्या नेहमीच्या आकड्याच्या 20 टक्के अधिक 2 एवढी वाढ धरतात, म्हणजे नेहमी 6 असेल तर 9.2 च्या वर गेलं की अर्थ आहे, लॅबच्या कागदावर नॉर्मल छापलेलं असलं तरी. माझा पहिला रिपोर्ट असाच नॉर्मल म्हणून फाईलला लागला होता.

आणि बीपीची गोळी घेता का तुम्ही? ती बीटा ब्लॉकर प्रकारातली असेल तर ॲड्रेनालिन नीट लागू पडत नाही, स्वतःहून बंद करू नका पण डॉक्टरांना आजच विचारा.