‘बॅज इंजिनिअरिंग’ला मराठीत काय म्हणावे?

एका वाचकाचा प्रश्न असा आहे : मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लांझा ही मुळात एकच गाडी असून दोन कंपन्या ती आपापल्या नावाने विकतात, इंग्रजीत या प्रकाराला ‘बॅज इंजिनिअरिंग’ म्हणतात, तर मराठीत त्यासाठी ‘चिन्ह अभियांत्रिकी’ हा शब्द चालेल काय, की सरळ ‘नामांतर’ म्हणावे?

‘चिन्ह अभियांत्रिकी’ हा शब्द मला मान्य नाही. मूळ इंग्रजी संज्ञेत ‘इंजिनिअरिंग’ हा शब्द उपरोधाने आलेला आहे, कारण या व्यवहारात अभियंत्याला फारसे काम उरत नाही. बदलतो तो बॉनेटवरचा बिल्ला, समोरची जाळी आणि फार तर बंपर. उपरोधाचे शब्दशः भाषांतर केले की उपरोध नाहीसा होतो आणि उरतो तो भारदस्त गैरसमज. चिन्हांची अभियांत्रिकी ही एखादी विद्याशाखाच असावी, असे वाचणाऱ्याला वाटेल.

या प्रथेला बदनामी आणि प्रसिद्धी दोन्ही मिळवून दिली ती ब्रिटनमधील बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीने. 1952 मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस हे प्रतिस्पर्धी एका छत्राखाली आले, परंतु दोघांचे विक्रेते निराळे होते आणि ग्राहकांची निष्ठाही निराळी होती. त्यामुळे 1959 मध्ये आलेली मिनी ‘ऑस्टिन सेव्हन’ आणि ‘मॉरिस मिनी-मायनर’ अशा दोन नावांनी विकावी लागली. 1962 पासूनच्या मॉरिस 1100 या गाडीने तर कमाल केली : मॉरिस, ऑस्टिन, एमजी, वूल्झली, रायली आणि व्हॅन्डन प्लास अशा सहा नाममुद्रांखाली, सजावटीत कमीअधिक फरक करून, ती विकली गेली.

आता ‘नामांतर’ या शब्दाकडे वळू. नामांतरात जुने नाव जाते आणि त्याच्या जागी नवे येते. बलेनो आणि ग्लांझा मात्र 2019 पासून शेजारशेजारच्या शोरूममध्ये एकाच वेळी विकल्या जात आहेत, आणि आफ्रिकेत हीच गाडी टोयोटा स्टारलेट म्हणूनही विकली गेली. नामांतराचे खरे उदाहरण हवे असेल, तर ते नाशिकचे आहे. महिंद्र आणि रेनो यांच्या संयुक्त कंपनीने 2007 मध्ये तेथे तयार केलेली लोगन, रेनोने भागीदारी सोडल्यानंतर, 2011 मध्ये महिंद्र व्हेरिटो झाली आणि भारतात लोगन हे नाव संपले. गंमत अशी, की तीच लोगन युरोपात डाचिया, रशियात रेनो आणि मेक्सिकोत निसान ॲप्रिओ म्हणून विकली जात होती. म्हणजे एकाच गाडीच्या चरित्रात ‘नामांतर’ आणि ‘बॅज इंजिनिअरिंग’ या दोन्ही शब्दांना काम मिळाले.

‘नक्कल’ आणि ‘तोतया’ हे शब्दही कोणी कोणी वापरतात, पण त्यांत फसवणुकीचा आरोप आहे. येथे दोन्ही कंपन्यांचा रीतसर करार असतो, आणि गाडी बहुधा एकाच कारखान्यातून बाहेर पडते. मानेसरला तयार होणारी मारुती ए-स्टार युरोपात सुझुकी अल्टो म्हणून जात असे आणि निसान पिक्सो म्हणूनही. त्यांतली कोणती अस्सल आणि कोणती नक्कल, हा प्रश्नच गैरलागू आहे.

माझी पसंती ‘बिल्ला’ या शब्दाला आहे. स्टेशनवरच्या हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला पाहिलेल्या मराठी माणसाला ‘बॅज’ समजावून सांगावा लागत नाही, आणि बिल्ला म्हणजे माणूस नव्हे, तो कोणाच्या पदरी आहे हे सांगणारी खूण, हा अर्थही त्यात आपोआप येतो. त्याला ‘बदल’ जोडून ‘बिल्लेबदल’ असा समास करावा. खांदा-खांदेपालट, घोडा-घोडेस्वार या वळणावर ‘बिल्लाबदल’पेक्षा ‘बिल्लेबदल’ जिभेला अधिक सोपा जातो. ‘बिल्लेपालट’ मी जाणूनबुजून टाळतो, कारण ‘पालट’मध्ये जुने उलथून नवे येण्याचा भाव प्रबळ आहे, ‘बदल’मध्ये अदलाबदलही बसते, आणि मारुती-टोयोटा यांच्यात तीच चाललेली आहे : 2023 मध्ये टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस मारुतीने इन्व्हिक्टो या नावाने घेतली.

पुण्याशी निगडित एक उत्तम बिल्लेबदल आज बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. टाटांच्या पुण्याच्या कारखान्यातली इंडिका, बंपर आणि सस्पेन्शनमधील किरकोळ फेरफारांनिशी, 2003 पासून ब्रिटनमध्ये ‘सिटीरोव्हर’ म्हणून विकली जात होती. 2005 मध्ये एमजी रोव्हर कंपनीच कोसळली आणि हा प्रयोग संपला. एरवी बिल्ला परदेशी आणि घाम देशी असा व्यवहार आपण गुपचूप मान्य करतो, पण येथे गाडी विकसितही टाटांनीच केली होती, याची नोंद घ्यायला हवी.

शब्द मिळाला म्हणून तो सरसकट वापरू नये. शेवरोले बीट काही देशांत शेवरोले स्पार्क म्हणून विकली गेली; तेथे नाममुद्रा तीच राहिली आणि फक्त गाडीचे नाव निराळे ठेवले गेले, म्हणून तो नुसता ‘नावबदल’ होय. कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी मूळच्या फियाट 1100 वरून आली हे खरे, पण ती परवान्याखाली येथे स्वतंत्रपणे तयार होत होती, म्हणून तिच्यासाठी ‘परवाना-उत्पादन’ हा शब्द योग्य. चाकणला तयार होणाऱ्या स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस यांचा सांगाडा आणि इंजिने समाईक असली, तरी बाहेरचे पत्रे बरेच निराळे आहेत. त्यांना ‘समाईक सांगाड्याच्या गाड्या’ म्हणणे अधिक नेमके ठरेल. निव्वळ बिल्लेबदल आणि समाईक सांगाडा या दोन टोकांच्या मधल्या गाड्यांबाबत मतभेद होतील, आणि तेथे मी दारे, छत आणि काचा एकच आहेत का, एवढे पाहून निर्णय घेतो.

वाक्यात हा शब्द पुल्लिंगी चालवावा : ‘बलेनोचा बिल्लेबदल करून ग्लांझा आणली’. अशा गाड्यांचा एकत्र उल्लेख करायचा असेल, तर बोलण्यात ‘जुळ्या गाड्या’ पुरे. लेखी मजकुरात पहिल्यांदा ‘बिल्लेबदल केलेल्या’ असे स्पष्ट लिहावे आणि पुढे ‘जुळ्या’ म्हणावे.