‘टिळकही पहिल्या वर्षी नापास झाले होते!’

‘मुलगा कॉलेजात राजकारणाच्या नादी लागलाय, अभ्यास गेला, आता काय करायचं?’ दर निकालानंतर हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतंच. दोन वर्षांपूर्वी आलेलं एक कुटुंब मात्र लक्षात राहिलं. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

आई, वडील आणि दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा. दोन विषय राहिलेले, म्हणजे एटीकेटी. एका विद्यार्थी संघटनेत तो वर्षभर होता. वडिलांनी खुर्चीत बसता बसता सुरुवात केली, “मॅडम, याला सांगा, बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे.” मुलगा तयारच होता. “आणि टिळक? ते पहिल्या वर्षी नापास झाले होते!” आई माझ्याकडे बघत राहिली. या घरात गेले सहा महिने थोर माणसं दगडासारखी एकमेकांवर फेकली जात होती.

मी त्यांना थांबवलं नाही. उलट म्हटलं, आता ही नावं निघालीच आहेत तर नीट बघू. (समुपदेशकाने इतिहास शिकवू नये, असं आमच्या प्रशिक्षणात सांगतात. मी अधूनमधून हा नियम मोडते.)

टिळक डेक्कन कॉलेजात पहिल्या वर्षी मागे पडले हे खरं. पण ते वर्ष मिरवणुकीत गेलं नव्हतं. तब्येत तोळामासा होती, म्हणून त्यांनी ते ठरवून तालमीत आणि पोहण्यात घालवलं. पुढे १८७७ साली पहिल्या वर्गात बी.ए. झाले, १८७९ साली एलएल.बी. झाले. मधे एम.ए. जमलं नाही, तेही खरं. मी मुलाला विचारलं, “तुझं हे वर्ष कशात गेलं? ठरवून गेलं, की गेलं?” तो गप्प झाला. वडिलांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं, ते मला आवडलं नाही.

म्हणून मग बाबासाहेब. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिन्याला साडेअकरा पौंड, ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. न्यूयॉर्कमध्ये लाला लजपतराय त्यांना चळवळीत ओढू पाहत होते, आणि त्यांनी आधी शिक्षण पुरं करायचं म्हणून नकार दिला. इथवर वडील माना डोलावत होते. पण १९१५ मध्ये एम.ए. झालेल्या त्याच विद्यार्थ्याने ९ मे १९१६ ला मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. त्यांच्या पुढच्या सगळ्या राजकारणाचं मूळ त्या निबंधात सापडतं. म्हणजे राजकारण बाजूला ठेवून अभ्यास केला असं म्हणायचं, की अभ्यासातूनच राजकारण उभं केलं असं? आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली, पुढे लंडनला सुरू केलेलं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं, तेव्हा ते तिथेच सुटलं नाही. १९२० ला पुन्हा गेले, १९२३ ला डी.एस्सी. घेतली. वडील म्हणाले, “हे माहीत नव्हतं.” त्या तासातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य हेच होतं.

पुढच्या भेटीत मुलाला एकट्याला बसवलं. त्याला पंधरा दिवसांचं टिपण लिहायला सांगितलं होतं. संघटनेच्या नावाखाली जाणारा प्रत्येक तास कशात गेला, एवढंच. त्याने खोटं लिहिलं नाही, याचं मला अजून कौतुक आहे. सगळ्यात जास्त वेळ गेला होता वाट बघण्यात. ‘भाऊ’ येणार म्हणून चौकात वाट बघणं, भाऊ आले की मोटारसायकली घेऊन मागे जाणं. त्याखालोखाल वाढदिवसाचे फ्लेक्स आणि सभेला मुलं भरून नेणं. शेवटी एक छोटी नोंद होती: पहिल्या वर्षाच्या सात मुलांचे महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचे शिष्यवृत्तीचे फॉर्म अडकले होते, ते कॉलेजच्या कार्यालयात खेटे घालून मार्गी लावले. तीन दिवस. हे सांगताना तो खुर्चीत पुढे सरकला होता. कुठलं कागदपत्र कुणाकडे अडतं, जातीच्या दाखल्याला किती चकरा होतात, क्लार्क कधी मोकळा असतो, सगळं त्याला पाठ.

मी त्याला निवडणुकीबद्दल विचारलं. आपल्याकडे महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या नव्या कायद्यात त्यांची तरतूद परत आली. उद्या त्या झाल्याच तर उभं राहायचंय, हे त्याचं स्वप्न. मग मी विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीच्या अटी समोर ठेवल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या या शिफारशींनुसार उमेदवाराची किमान ७५ टक्के हजेरी हवी आणि त्या वर्षी एकही विषय राहिलेला नको. त्याने दोनदा वाचलं. “म्हणजे मी उभाच राहू शकत नाही?” नाही. भाऊंनी हे सांगितलं नव्हतं. भाऊंना त्याने उभं राहायला नकोच असावं, हा माझा अंदाज, पण मी तो बोलून दाखवला नाही.

खरी गाठ वडिलांकडे होती. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, तुम्हाला नेमकं कशाचं भय वाटतं? आधी त्यांनी आंदोलनात गुन्हा दाखल होण्याची भीती सांगितली. ती रास्तच आहे. पासपोर्टच्या, सरकारी नोकरीच्या पडताळणीत असा गुन्हा आडवा येतो, आणि हे मुलाला स्पष्ट सांगायलाच हवं. मग बराच वेळ थांबून त्यांनी धाकट्या भावाची गोष्ट काढली. कॉलेज सोडून पक्षात गेला, वीस वर्षं सतरंज्या उचलल्या, आता एका दुकानात हिशेब लिहितो. मुलाला हे माहीत नव्हतं. त्याला काका फक्त हसतमुख काका म्हणून ठाऊक होता.

काकांना बोलवायची कल्पना आईची. ते आले, अवघडून बसले. पुतण्याने विचारलं, “काका, पस्तावलास का?” ते म्हणाले, “काम आवडायचं रे. पण वीस वर्षांत मला एकदाही कुणी विचारलं नाही, की तुला काय वाटतं.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

त्यानंतर मुलाने संघटना सोडावी असं मी सुचवलं नाही, आणि वडिलांची ही नाराजी आजही आहे. मला विचाराल तर अठरा-वीसच्या वयात समाजाची चीड येणं हे आजार नाही. पालकांनी ‘राजकारण की अभ्यास’ असा वाद घातला की मूल हमखास चुकीच्या बाजूला जाऊन उभं राहतं. त्यापेक्षा काकांचा प्रश्न कामाचा: तिथे तुझं मत विचारतात का? मुलाने भाऊंना तो आपल्या पद्धतीने विचारला. शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी कायमचं मदत केंद्र काढू या, असा प्रस्ताव बैठकीत ठेवला. उत्तर मिळालं, आधी फ्लेक्सचं बघ. तो फ्लेक्सला गेला नाही.

आईशी शेवटी वेगळं बोलणं झालं. ती म्हणाली, मोठ्या पगाराची आशा ठेवू नकोस, असं आगरकरांनी आईला लिहिलेलं पत्र शाळेत वाचून आम्ही रडलो होतो, पण तसं पत्र आपल्याला आलं तर? मी तिला यशवंतराव चव्हाणांची आई सांगितली. १९३२ साली शाळकरी वयात यशवंतरावांना स्वातंत्र्य चळवळीत अठरा महिन्यांची शिक्षा झालेली, तुरुंगात भेटीला आईसोबत आलेले गुरुजी म्हणाले माफी मागितली तर सुटेल, आणि विठाबाईंनी ते तिथेच धुडकावलं. मुलगा सुटून आला, १९३४ ला मॅट्रिक झाला, १९३८ ला कोल्हापुरातून बी.ए., १९४१ ला पुण्यातून वकिलीची पदवी. “एवढं धैर्य माझ्यात नाही,” ती म्हणाली. मी म्हटलं, नसू दे. जेवायला किती वाजता येणार एवढं रोज विचारत राहा, आणि त्या वेळी भाषण देऊ नका.

दोनपैकी एक विषय सुटला. दुसरा अजून राहिलाय. परवा त्याचा फोन आला होता. कॉलेजच्या जिन्याखाली एक टेबल टाकून तो आणि दोन मुली आठवड्यातून दोन दिवस फॉर्म भरून देतात, संघटनेचं नाव न लावता. उत्पन्नाच्या दाखल्यांचा हिशेब कसा ठेवायचा ते दाखवायला काका शनिवारी येतात म्हणे.