दिवसभर टायपिंग करून मनगट आणि करंगळी दुखते, महागडा एर्गोनॉमिक कीबोर्ड घेऊ का?

लगेच नका घेऊ. तुम्ही लिहिलंय की दिवसभर कोडिंग असतं आणि संध्याकाळपर्यंत डावी करंगळी आणि मनगट ठणकायला लागतं. मीपण दिवसभर टायपिंगचंच काम करते, मलाही हे व्हायचं, आणि माझं स्पष्ट मत आहे की आधी हात ठेवायची पद्धत बदला, कीबोर्डचं नंतर बघता येईल.

सगळ्यात आधी मनगट टेबलावर टेकवून टाइप करणं थांबवा. मनगट टेकलं की ते एका जागी अडकतं, मग लांबची बटणं दाबायला बोटं ताणावी लागतात आणि पंजा बाहेरच्या बाजूला वळतो. बोटं वाकवणारे मोठे स्नायू कोपराच्या खाली असतात आणि त्यांचे टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून बोटांपर्यंत जातात, त्यातूनच एक महत्त्वाची नस पण जाते, आणि मनगट वर वाकलं की त्या बोगद्यात दाब वाढतो. म्हणून टाइप करताना मनगट सरळ आणि अधांतरी ठेवा, लांबचं बटण असेल तर अख्खा हात तिकडे न्या. कीबोर्डच्या पुढे ती मऊ पट्टी असते ना, ती थांबल्यावर हात टेकवायला आहे, टाइप करताना नाही. आणि कीबोर्डच्या मागचे ते दोन छोटे पाय उघडे असतील तर आत्ताच मिटा, त्यांनी मनगट अजून वर वाकतं. कीबोर्ड साधारण कोपराच्या उंचीला हवा, टेबल उंच असेल तर खुर्ची वर घ्या.

आता करंगळी. कोडिंगवाल्यांचा हा खरा त्रास, कारण कंट्रोल सी, कंट्रोल व्ही, कंट्रोल एस हे सगळं आपण एकट्या डाव्या हाताने करतो, करंगळी कोपऱ्यात ताणलेली आणि दुसरं बोट वर. हे दोन हातांनी करा. अक्षर डावीकडचं असेल तर कंट्रोल किंवा शिफ्ट उजवीकडची दाबायची, उजवीकडचं असेल तर डावी. सुरुवातीला खूप चुका होतात आणि स्पीड पडतो, वैताग येतो, पण सोडू नका, सवय होते. उजवीकडे कंट्रोल नसेल तर कॅप्स लॉकलाच कंट्रोल बनवा, मॅक आणि लिनक्सवर सेटिंग्जमध्ये होतं, विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या फुकट सॉफ्टवेअरने.

बटणं आपटू पण नका. बहुतेक मेकॅनिकल कीबोर्डवर (प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग असते ते) बटण साधारण अर्ध्यात गेलं की अक्षर उमटतं, पुढचा सगळा जोर फुकट जातो.

दुखायला लागायच्या आधीच अधूनमधून हात खाली सोडून बसा, दुखल्यावर ब्रेक घेऊन तेवढा उपयोग होत नाही.

आणि हे प्लीज सिरियसली घ्या, अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल, रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील तर माझं किंवा कुणाचंही उत्तर वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा. करंगळी नुसती दुखत नसून बधिर होत असेल तरी जा, ती नस वेगळी आहे, कोपरामागून जाते, आणि कोपर कडक टेबलावर टेकवून बसल्याने पण ती दबते.

एवढं करूनही कीबोर्ड घ्यावासा वाटलाच तर दोन भागांत वेगळा होणारा घ्या, म्हणजे पंजे बाहेर वळत नाहीत, आणि शक्यतो नंबर पॅड नसलेला, म्हणजे माउस जवळ येतो.